रेल्वे ल्हासाला पोहोचली, बस आपल्या गावात येते का?

इल्मसाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जा, असं आपल्या घरांतली वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. मुहद्दिसांनी हदीस म्हणून या वाक्याची सनद कमजोर ठरवली आहे. तरी ते बोलण्यात टिकून आहे, कारण चीन म्हणजे फार दूर, एवढं सगळ्यांना कळतं. म्हणून आज आम्ही चीनच्या ताब्यातल्या एका खरोखर दूरच्या शहराबद्दल लिहितो आहोत. ते शहर म्हणजे तिबेटची राजधानी ल्हासा. तिथून पुढे आपल्या वाशिम जिल्ह्याकडे येऊ, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे.

२०२० पासून भारत आणि चीन यांच्यातली ये-जा जवळजवळ थांबली होती. २०२५ मध्ये ती थोडी सुरू झाली. उन्हाळ्यात लिपुलेख आणि नाथू ला या खिंडींतून कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा निघाली. ऑक्टोबरच्या अखेरीस कोलकाता ते ग्वांगझू थेट विमानही सुरू झालं. साहजिकच लोक विचारू लागले की आता तिबेटला जाता येईल का?

जाता येतं, पण सोपं नाही. ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचावर आहे. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ल्हासा त्याच्या दुपटीहून उंच. तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन आपल्याकडच्या साधारण दोन-तृतीयांश. पहिले एक-दोन दिवस डोकं दुखतं, दोन जिने चढले तरी धाप लागते. घाई न करता आराम करणं आणि पाणी पीत राहणं, हाच पहिल्या दिवसाचा कार्यक्रम. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बेत आखू नये.

रस्ता मात्र तयार आहे. छिंगहाई प्रांतातल्या शीनिंग शहरातून ल्हासाला थेट रेल्वे जाते. हे अंतर १,९५६ किलोमीटर आहे आणि प्रवास जवळजवळ एका दिवसाचा. गोलमुड ते ल्हासा हा १,१४२ किलोमीटरचा शेवटचा टप्पा १ जुलै २००६ रोजी सुरू झाला. तांगगुला खिंडीत ही गाडी ५,०७२ मीटरपर्यंत चढते. मार्गातली कितीतरी जमीन कायम गोठलेली आहे. ती वितळून रूळ खचू नयेत म्हणून वेगळी बांधणी करावी लागली. डब्यांत ऑक्सिजन सोडतात. शीनिंगमध्ये हुई मुसलमानांची मोठी वस्ती आहे आणि तिथली डोंगग्वान मशीद प्रसिद्ध आहे. त्यामुळे आपल्यातल्या मुसाफिराला तिथे नमाज आणि हलाल जेवण यांची अडचण नाही.

मग अडतं कुठे? परवानगीत. परदेशी माणसाला चीनचा व्हिसा मिळाला तरी तिबेटसाठी वेगळा परवाना लागतो. तो स्वतः जाऊन काढता येत नाही, नोंदणीकृत टूर कंपनीच काढून देते. गाईड आणि फिरण्याचा कार्यक्रम आधी ठरवावा लागतो. परवाना नसेल तर ल्हासाच्या गाडीत बसू देत नाहीत. शहरातल्या बाजारात पायी हिंडता येतं, पण शहराबाहेर जायचं तर गाईड, ठरलेली गाडी आणि पुष्कळदा आणखी एक कागद. म्हणजे रूळ आहेत, विमान आहे, चकचकीत स्टेशन आहे. फक्त "मी उद्या निघतो" असं म्हणता येत नाही.

आणि आता इतिहास बघा. रेल्वे नव्हती, विमान नव्हतं, तेव्हा काश्मीर आणि लडाखचे मुसलमान व्यापारी महिनोन् महिने चालत, याक आणि खेचरांवर माल लादून ल्हासाला जात. काहीजण तिथेच स्थायिक झाले. तिबेटी लोक त्यांना 'खाचे' म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ काश्मीरचा माणूस, पुढे तोच मुसलमानासाठी रूढ झाला. त्यांच्या मशिदी आणि कब्रस्तान तिथे होतं. १९५९ नंतर परिस्थिती बदलली. काश्मिरी वंशाच्या अनेक कुटुंबांनी भारताचं नागरिकत्व मागितलं आणि ती कालिम्पाँग, दार्जिलिंग, श्रीनगर इथे आली. श्रीनगरच्या ईदगाह भागात त्यांची वस्ती आजही आहे. त्यांच्या आजोबांनी जी वाट पायी तुडवली, त्याच शहरात आता रेल्वे जाते. पण नातवाला आजोबांची कबर पाहायला जायचं तर तो परदेशी पर्यटक ठरतो.

यातून आम्हाला एकच गोष्ट समजते. रस्ता एखाद्या गावापर्यंत पोहोचणं वेगळं आणि त्या रस्त्यावरून माणसाला जाता येणं वेगळं. रस्ता कोणी, कोणासाठी बांधला, हे पाहावं लागतं.

आता वाशिमकडे या. इथे परवाना लागत नाही, सैन्य नाही, बर्फ नाही. तिबेटच्या लोकांवरचे निर्बंध आणि आपल्या अडचणी एका मापाने मोजणं चूक ठरेल. पण प्रश्न तोच लागू होतो. मुर्तिजापूर–यवतमाळ ही शकुंतला रेल्वे आपल्या कारंज्यातून जायची. इंग्रजांच्या काळात ती कापूस वाहून नेण्यासाठी टाकली गेली, माणसांसाठी नव्हे. तरी पुढे कितीतरी वर्षं गरीब माणूस याच गाडीने गेला. आज ती बंद आहे. अकोला–पूर्णा मार्ग २००८ मध्ये रुंद झाला, त्याने वाशिम शहराची सोय झाली. पण कारंजा, मानोरा, मंगरुळपीर इथल्या माणसाला आधी त्या स्टेशनापर्यंत पोहोचावं लागतं.

त्यानंतर समृद्धी महामार्ग आला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो आपल्या जिल्ह्यातून जातो. मोटारवाल्याची मोठी सोय झाली, आजारी माणूस नागपूरला लवकर पोहोचतो, हे मान्य करायलाच हवं. पण या रस्त्यावर दुचाकी आणि ऑटोरिक्षा चालत नाहीत. आपल्या बहुतेक घरांत वाहन असलंच तर दुचाकीच आहे. म्हणजे शेताच्या बाजूने महामार्ग जातो आणि घरातला माणूस जुन्याच रस्त्याने काळी-पिवळीची वाट पाहत उभा राहतो.

याचा सर्वांत जास्त परिणाम मुलींवर होतो. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून हे आकड्यांआधी हजेरीपटात दिसतं. ज्या गावातून सकाळी वेळेवर गाडी आहे आणि अंधार पडण्याआधी परत येता येतं, त्या गावातली मुलगी बारावीपर्यंत आणि पुढेही शिकते. जिथे गाडी बदलावी लागते, फाट्यावर थांबावं लागतं, तिथे अम्मी-अब्बांचा जीव घाबरतो आणि दहावीनंतर "आता पुरे" असं ठरतं. अशा अनेक घरांत तालीमला विरोध नाही. काळजी आहे ती फाट्यावरच्या त्या अर्ध्या तासाची.

सवलती आहेत. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत शाळकरी मुलींसाठी खास बसगाड्या दिल्या आहेत. पण पास हातात असून बस नसेल, तर तो व्हिसा मिळूनही परवाना न मिळालेल्या मुसाफिरासारखा आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मोहल्ल्यात, जुम्याच्या नमाजनंतर पंधरा मिनिटं बसा. गावातून शिकायला बाहेर जाणाऱ्या मुली-मुलांची यादी करा. कोण कुठल्या शाळेत, सुटी किती वाजता, हे लिहा. यादी फक्त आपल्या समाजाची नको, गावातल्या सगळ्या मुलांची करा. बस सगळ्यांचीच असते आणि सह्या जितक्या जास्त, तितकं वजन जास्त. ग्रामसभेचा ठराव जोडा आणि शाळा सुरू होण्याआधी आपल्या एस.टी. आगारात अर्ज द्या. पोच घ्या. महिन्याने पुन्हा विचारा.

पाच हजार मीटर उंचीवर गोठलेल्या जमिनीत रूळ टाकता येतात, हे जगाने पाहिलं. सात-आठ किलोमीटरच्या सपाट रस्त्यावर सकाळी एक आणि संध्याकाळी एक फेरी, ही मागणी त्यापुढे काहीच नाही. चीनपर्यंत कोण जाईल ते पुढे बघू. आधी आपली मुलगी वाशिमपर्यंत जाऊन दिवेलागणीआधी घरी येऊ द्या.