टायसननं हार मानली, की नुसता वेळ काढला?

विशेष विश्लेषण

शनिवारी (16 नोव्हेंबर) सकाळी एकीकडे प्रचाराच्या गाड्यांचे भोंगे चालू होते आणि दुसरीकडे पोरं मोबाईलवर माइक टायसनची फाइट बघत होती. बघत होती म्हणजे, ज्यांचा व्हिडिओ गोल गोल फिरत राहिला नाही ती. नेटफ्लिक्सच्या म्हणण्याप्रमाणे जगात 6 कोटी घरांत ही लढत बघितली गेली. त्यानंतर व्हॉट्सॲपवर एकच चर्चा: म्हातारा लढलाच नाही, ही तर नुरा कुस्ती!

आरोप साधा नाही. म्हणून आधी नेमकं काय झालं ते बघू.

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये 58 वर्षांचा टायसन आणि 27 वर्षांचा यूट्यूबवाला जेक पॉल समोरासमोर आले. राऊंड आठ, तेही तीन नाही तर दोन-दोन मिनिटांचे. हातमोजे नेहमीपेक्षा जाड, 14 औंसांचे. पहिल्या दोन राऊंडमध्ये टायसन पुढे गेला, ठोसे मारले. तिसऱ्यापासून पाय जड झाले. मग तो मोजा दातात चावत उभा, पॉल लांबून मारतोय, असंच शेवटपर्यंत. 16 मिनिटांत टायसननं 97 ठोसे फेकले, त्यातले लागले 18. पॉलचे लागले 78. तिन्ही पंचांनी पॉलला विजयी दिलं, एकानं 80-72 आणि दोघांनी 79-73.

आता प्रश्न असा की याला मैदान सोडणं म्हणायचं का?

हे ठरवायला दुसरा कुणी बॉक्सर शोधायची गरज नाही. टायसनच्याच आयुष्यात याआधी दोन वेळा हाच प्रश्न आलाय.

पहिली वेळ 28 जून 1997, लास वेगास. होलीफिल्डनं आठ महिन्यांपूर्वीच त्याला हरवलं होतं. परतीच्या लढतीत तिसऱ्या राऊंडला टायसननं त्याचा कान चावला. पंचानं गुण कापून लढत पुढे चालू ठेवली, तर यानं दुसराही कान चावला. मग बाद झाला, लायसन्स गेलं, 30 लाख डॉलरचा दंड बसला. होलीफिल्ड डोकं मारत होता म्हणून राग आला, असं टायसनचं म्हणणं. पण त्याचा जुना ट्रेनर टेडी ॲटलस लढतीच्या आधीच सांगून बसला होता की हरायला लागला तर हा फाऊल करून बाहेर पडेल. आमच्या मते तीच खरी माघार होती. जिंकता येत नाही, हरलो म्हणवत नाही, मग पंचाकडूनच स्वतःला हाकलून घ्यायचं. नाव रागाचं, काम पळवाटेचं.

दुसरी वेळ 11 जून 2005. समोर केविन मॅकब्राइड, फार नावाजलेला नव्हे. टायसन थकला, डोकं मारल्याबद्दल त्याचे गुणही कापले गेले, आणि सहावा राऊंड संपल्यावर तो स्टुलावरून उठलाच नाही. नंतर उघड सांगितलं, आता यात माझं मन राहिलं नाही. ही पण माघारच, पण तोंडावर सांगून केलेली. त्यात लाज कसली? पायात जोर नाही आणि मनात जिद्द नाही, तर गडी बसणारच.

शनिवारची गोष्ट या दोन्हींत बसत नाही. तो पळाला नाही, बसला नाही, चावलाही नाही (मोजा सोडला तर). घंटा वाजेपर्यंत उभा राहिला. फक्त लढायचं सोडून दिलं. मॅटवरच्या कुस्तीत असं चालत नाही. पैलवान नुसता ढकलाढकली करत राहिला तर पंच ताकीद देतो, 30 सेकंदांचं घड्याळ लावतो, तेवढ्यात गुण घेतला नाही तर समोरच्याला गुण मिळतो. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये असं घड्याळ नाही. मार खात, हात वर धरून वेळ काढणं नियमात बसतं.

आणि वेळ काढण्याला कारणही आहे. ही लढत आधी 20 जुलैला होती. मे महिन्यात विमानात टायसनच्या पोटातल्या अल्सरनं उचल खाल्ली म्हणून ती पुढे गेली. फाइटनंतर त्यानं स्वतःच लिहिलं की जूनमध्ये मी मरता मरता वाचलो, अंगातलं निम्मं रक्त गेलं, आठ वेळा रक्त चढवावं लागलं, वजन 25 पौंड म्हणजे 11 किलोच्या वर उतरलं. असा माणूस पाच महिन्यांनी रिंगमध्ये उभा राहतो, तर त्यानं तिसऱ्या राऊंडनंतर स्वतःला सांभाळलं यात आम्हाला तरी भित्रेपणा दिसत नाही. पॉलनंही नंतर कबूल केलं की त्याला इजा होऊ नये म्हणून आपण हात आखडता घेतला. शेवटच्या घंटेआधी तर त्यानं वाकून नमस्कारच केला.

म्हणजे दोघांनीही जोर कमी केला. मग फसवलं कुणी?

आमचं बोट जातं ते परवानगी देणाऱ्यांकडे आणि विकणाऱ्यांकडे. टेक्सासच्या सरकारी खात्यानं ही दाखवण्यापुरती मॅच न ठेवता अधिकृत व्यावसायिक लढत म्हणून मंजूर केली, निकाल दोघांच्या रेकॉर्डवर चढला. अमेरिकेतल्याच काही राज्यांनी मात्र तिच्यावर पैज लावायला बंदी घातली होती. त्यांना जे दिसलं ते टेक्सासला का दिसलं नाही? 19 वर्षं व्यावसायिक लढत न खेळलेल्या माणसाचे 1980 च्या दशकातले नॉकआऊट दाखवून तिकिटं खपवली. गेटवरच जवळपास 1 कोटी 80 लाख डॉलर जमले. लोकांना वाटलं, विशीतला टायसन येणार.

त्याच रात्री त्याच रिंगमध्ये आपला हरियाणाचा नीरज गोयत ब्राझीलच्या विंडरसन नुनेसविरुद्ध लढला आणि गुणांवर जिंकलाही. त्याच्याबद्दल ग्रुपवर कुणी चार ओळी टाकल्या नाहीत.

टायसनला मात्र रिंगमध्येच विचारलं, ही शेवटची का? तो म्हणाला, मला तसं वाटत नाही. आणि पॉलच्या थोरल्या भावाचं नाव घेतलं.