हात दहा, काटा एक

संगणकाची जुनी, सर्वांना खुली असलेली साधने नव्याने लिहिण्याचे वारे सध्या वाहत आहे. यादीचा क्रम लावणारे ‘सॉर्ट’, ओळी मोजणारे ‘डब्ल्यूसी’ अशी ‘रस्ट’ भाषेत पुन्हा लिहिलेली साधने ‘उबुंटू’ने २०२५ च्या ऑक्टोबरात स्वीकारली. त्यातूनच वाद निघतो, की नव्याने लिहिताना एकच काम अनेक धाग्यांत, म्हणजे थ्रेड्समध्ये, वाटावे काय? हा प्रश्न शास्त्र शाखेचा, असे कोणी म्हणेल. पण देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातील टेंभलीत दिले गेले. तेव्हा संगणकाच्या पोटात काय चालते, हे कला शाखेनेही का विचारू नये?

माझी आई हंगामात मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जाते. दहा बाया बसल्या की काम दहापट होते, कारण ढीग वेगळा, टोपली वेगळी. मात्र संध्याकाळी काटा एकच, आणि तेथे रांग. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ साली हेच मांडले. कामाचा दहावा हिस्सा एकामागून एकच होणारा असेल, तर हजार हात लावूनही वेग दहापटीपुढे जात नाही.

त्याहून वाईट गोष्ट वहीची. वहीत ४० किलो आहेत. दोघींनी एकदमच तो आकडा वाचला, आपापले ५ मिळवले आणि ४५ लिहिले. पाच किलोंची मजुरी बुडाली! वहीला कुलूप लावावे, तर पुन्हा रांग. रस्टचे कैवारी म्हणतात, ही चूक आमची भाषा आधीच पकडते. ते खरे आहे. पण एकीने काटा धरला, दुसरीने वही, आणि दोघी एकमेकींची वाट पाहत बसल्या, तर ती भाषाही काही करू शकत नाही.

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभारला. त्यात प्रत्येक प्रक्रियकाला स्वतःची स्मृती होती आणि देवाणघेवाण निरोपांनी होई. थोडक्यात, ज्याची त्याची वही. मला हीच रीत पटते. साधने लहान व एकधागी ठेवावीत आणि गरजेप्रमाणे शेजारी शेजारी चालवावीत. सॉर्टचा अपवाद मी मान्य करतो, कारण ढीग वेगवेगळे लावून मग मिसळता येतात. ‘ग्नू’चे जुने सॉर्ट २०१० पासून तसे करतेच. परंतु ओळी मोजण्याला धागे कशाला? तेथे बहुधा डिस्कच काटा असते. शिवाय आमच्या संगणक कक्षातल्या जुन्या यंत्रांना गाभे दोनच. एका साधनाने दोन्ही अडवले, तर शेजारी निबंध टंकणाऱ्याने काय करावे?