कुत्र्याचे केस का गळतात?

कुत्र्याचे केस गळू लागले की घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, उष्णता झाली, ताक पाजा. थोरला म्हणतो, लूत लागली, दूर कुठेतरी सोडून या. मध्ये ते बिचारे उंबऱ्याशी बसून पाय झाडत असते, आणि तेवढ्यात तिसराच कोणीतरी गॅरेजमधून जळक्या ऑईलचा डबा घेऊन येतो. वस्तीत माणसांच्या आरोग्याचे शिबिर घेतले तरी शेवटी एखादी भगिनी हळूच विचारतेच, "भाऊ, आमच्या मोत्याला काय लावू?" आमचे पहिले सांगणे एवढेच असते की, लावायचे नंतर पाहू, आधी केस का गळतात ते पाहू.

ताप जसा अनेक आजारांची खूण असतो, तसेच केस गळण्याचे आहे. आणि प्रत्येक गळणे आजारातून येते असेही नाही. कुत्र्याची जुनी लव ऋतुमानाप्रमाणे झडते व नवी येते. पॉमेरेनियन, लॅब्रॅडोर यांचे केस तर घरभर सापडतात. व्यालेल्या कुत्रीचे केस पिल्ले अंगावर पीत असताना किंवा त्यानंतर विरळ होतात व पुढे भरून येतात. शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर सतत लोळणाऱ्या जड कुत्र्याच्या कोपरावर टक्कल पडून घट्टा होतो. त्याला गोणपाटाची जाड घडी अंथरली तरी पुरे. ओळखायचे कसे? केस बाजूला करून कातडी पाहावी. कातडी स्वच्छ, सपाट, चट्टा नाही, खाज नाही, तर घाबरू नये. लाली, खपली, पुरळ, वास, किंवा नुसता केसांचा गोल तुकडा गेलेला दिसला, तर पुढचे वाचावे.

सर्वांत साधे कारण पिसवा. शेपटीच्या बुडाशी, पाठीच्या मागच्या भागावर व मांड्यांवर केस गेले असतील तर पहिला संशय पिसवांवर घ्यावा. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचे वावडे असते. त्यांना थोड्याशा पिसवाही बेजार करतात. पिसू दिसत नसेल तर ओल्या पांढऱ्या कापडावर कुत्र्याचे केस विंचरावे. पडलेले काळे कण तांबूस विरघळले तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचेच पचलेले रक्त. येथे एक गोष्ट बहुतेक घरांत चुकते. औषध कुत्र्यावर मारतात आणि अंथरूण तसेच ठेवतात. पिसवेची अंडी कुत्र्याच्या अंगावरून खाली पडतात व फटीत, सतरंजीत, गोधडीत वाढतात. गोधडी गरम पाण्यात धुवावी, फटी झाडून काढाव्या, नाहीतर महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता लूत. आपण सरसकट लूत म्हणतो, पण तिच्यात मुख्यतः दोन वेगळे किडे असतात, दोन्ही डोळ्यांना न दिसणारे, आणि दोघांची रीत निराळी.

पहिला सारकॉप्टिस. हा कातडीत बिळे करतो. खाज इतकी की कुत्रे रात्रभर झोपत नाही. कानाच्या कडा, कोपरे, मागच्या पायांचे घोटे व पोट येथून सुरुवात होते. कानाची कड बोटांत धरून हलकेच चोळली की अशा कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागतो. पशुवैद्यकसुद्धा ही खूण पाहतात. हा किडा एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो. माणसालाही हातावर, पोटावर खाजरे पुरळ उठते. पण कुत्र्याचा किडा माणसावर फार काळ टिकत नाही आणि कुत्र्यावर उपचार झाले की ते पुरळ बहुधा ओसरते. मुलांच्या बोटांच्या बेचक्यात खरूज झाली, रात्री सारे घर खाजवू लागले, की दोष दारच्या कुत्र्यावर जातो. ती खरूज बहुधा माणसाकडून माणसाला लागलेली असते. तेव्हा मुलांना दवाखान्यात न्यावे आणि सर्व घराने एकाच वेळी औषध लावावे. कुत्रे हाकलून मुलांची खरूज जात नाही.

दुसरा डेमोडेक्स. हा थोड्या प्रमाणात निरोगी कुत्र्याच्या केसांच्या मुळाशीही असतो. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत पिल्लाला आईकडून मिळतो. पिल्लाची प्रतिकारशक्ती कमी पडली की तो माजतो. डोळ्यांभोवती, तोंडावर, पुढच्या पायांवर केस जातात. खाज सुरुवातीला थोडी किंवा नसतेच. हा माणसाला लागत नाही. एखाद-दुसरा चट्टा असेल तर पुष्कळदा दीड-दोन महिन्यांत आपोआप भरतो. अंगभर पसरला तर मात्र चिकाटीने उपचार लागतात. मोठ्या वयाच्या कुत्र्याला अचानक झाला तर आत दुसरे काही बिघडले आहे का हे पाहावे लागते.

जळक्या ऑईलची कीर्ती येथूनच पसरली आहे. चट्टा आपोआप भरणार असतो, त्याच वेळी ऑईल लावलेले असते, आणि श्रेय ऑईलला मिळते. शिवाय तेलाने खपल्या मऊ पडतात, कातडी चकाकते, बघणाऱ्याला बरे वाटते. इंजिनातून काढलेल्या त्या काळ्या तेलात जड धातू व विषारी घटक असतात. कुत्रे अंग चाटते. ते पोटात जाते, उलटीबरोबर फुप्फुसात शिरू शकते. रॉकेल, टर्पेंटाईन, फिनेल यांचेही तेच. आमच्या मते, उपचार म्हणून ही जहरे लावण्यापेक्षा काही न लावणे बरे. कुठल्या माळ्यावर गमेक्सिनची जुनी पुडी पडली असेल तर तिला कुत्र्याजवळ आणूच नये. त्या बेन्झीन हेक्झाक्लोराईडवर भारतात १९९७ साली बंदी आली. जुन्या लोकांचे गंधकाचे औषध मात्र थट्टेवारी नेण्यासारखे नाही. गंधक किड्यांना मारतो, चुना-गंधकाचे द्रावण आजही पशुवैद्यक वापरतात. पण ते किती तीव्र करावे हे अंदाजाने ठरवू नये.

दुकानातल्या औषधांचेही पाहू. आयव्हरमेक्टिन हे लुतीवर खरोखर चालणारे औषध. २०२०-२१ च्या करोना काळात त्याच्या गोळ्या अनेक घरांत आल्या व काही डब्यांत राहूनही गेल्या. गुरांसाठी असलेल्या त्याच औषधाचे इंजेक्शन "थोडेसे" म्हणून कुत्र्याला टोचणारेही आहेत. कुत्र्याचा डोस वजनावर काटेकोर ठरतो. कॉली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांत, आणि त्यांच्या संकरातही, असा एक जनुकदोष असतो की हे औषध मेंदूत शिरते. कुत्रे झोकांड्या खाते, आंधळे होते, मरतेही. हा दोष २००१ साली उघडकीस आला. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. घरात मांजर असेल तर ते तिच्या जिवावर बेतते. आणि दोन दिवसांत खाज थांबवणाऱ्या इंजेक्शनबद्दल किंवा माणसांच्या मलमाबद्दल आधी विचारावे, "यात स्टिरॉईड आहे का?" डेमोडेक्स व बुरशीत स्टिरॉईडने खाज थांबल्यासारखी वाटते आणि रोग आतून वाढतो.

बुरशी म्हणजे आपला नायटा. वाटोळा चट्टा, तुटके केस, कडेला कोंडा. हा माणसाला लागतो, मुलांना लवकर. चट्टा बरा होईपर्यंत मुलांनी कुत्र्याला कुशीत घेऊन झोपू नये.

खाज नाही, पण दोन्ही कुशींवर सारखेच केस गेले, कुत्रे सुस्त व लठ्ठ झाले, तर थायरॉईडचा संशय घ्यावा. पाणी फार पिते, लघवी फार, पोट लोंबते, तर दुसऱ्या ग्रंथीचा. येथे वरून लावण्यासारखे काही नाही, रक्त तपासावे लागते.

खाण्याचे थोडे. केस हे बहुतांशी प्रथिनांचे. चहात बुडवलेली पोळी आणि उरलेला भात यांवर केस कुठून येणार? उकडलेले अंडे, कांदा-लसूण-मसाल्याविना शिजवलेले मांस किंवा मासळीचे काटे काढलेले तुकडे द्यावे. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आपला रस्सा त्याला नको. आपला अंगाचा साबण व कपड्यांची पावडरही नको. त्याची कातडी आपल्यापेक्षा वेगळी, ती कोरडी पडते.

दवाखान्यात गेल्यावर "कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहाल का?" असे न लाजता म्हणावे. काम काही मिनिटांचे आहे. डेमोडेक्स बहुधा सापडतो. सारकॉप्टिस पुष्कळदा सापडत नाही, तेव्हा डॉक्टर खुणांवरूनही औषध देतात. तालुक्याच्या गावी गुरांचा म्हणून जो सरकारी दवाखाना आहे तेथे कुत्रेही तपासतात. मुंबईत परळचे बैलघोडा हॉस्पिटल आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपुरात तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना एका कागदावर लिहून न्यावे: केस कधीपासून जातात, आधी कुठले गेले, खाज आधी की केस आधी, घरात आणखी कोणाला खाज, आतापर्यंत काय काय लावले. ऑईल लावले असेल तर तेही. कारकुनी वाटेल, पण डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

गल्लीतल्या कुत्र्याचे काय? लूत भरलेल्या कुत्र्याला लोक पिसाळलेले समजतात, दगड मारतात, कोणी विष घालायची भाषा करतो. लूत आणि पिसाळणे यांचा संबंध नाही, आणि विष घालणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा कुत्र्याला आंघोळ घालता येत नाही, पण आता खाण्यातून द्यायच्या गोळ्या निघाल्या आहेत, ज्यांचा परिणाम एक महिना ते बारा आठवडे राहतो. त्या दोन्ही लुतींवर चालतात. वजनाचा अंदाज डॉक्टरांना सांगून घ्याव्या. अगदी लहान पिल्ले व झटके येणारी कुत्री असतील तर आधी सांगावे. चार घरांनी वर्गणी काढली तर भार पडत नाही. गोळी मांसाच्या तुकड्यात घालून त्याच कुत्र्याने खाल्ली हे उभे राहून पाहावे. हात लावायचा तर हातमोजे घालावे. चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी लस सुरू करावी.

खाज काही आठवड्यांत कमी होते, केस यायला महिना-दोन महिने लागतात. केस दिसू लागले की लोक औषध बंद करतात. अंगभर डेमोडेक्स असेल तर महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून एकही किडा दिसला नाही, की मगच डॉक्टर थांबवतात. तोवर तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्या.