अजानपासून बिस्मिल्लाहपर्यंत

बाळ जन्मलं की आपण त्याच्या कानात अजान देतो. पुढे अनेक घरांत चार वर्षं, चार महिने, चार दिवस झाले की बिस्मिल्लाह होते आणि मूल पहिलं अक्षर गिरवतं. या दोन प्रसंगांच्या मधल्या वर्षांतच मुलाची भाषा घडते. तिथे आपण दोन चुका करतो.

पहिली चूक म्हणजे घरच्या भाषेची लाज. दादी दखनी किंवा कोकणी बोलते, गल्लीत मराठी असते, शाळा इंग्रजी हवी असते. मूल उशिरा बोलू लागलं की कुणीतरी सांगतं, 'इतक्या भाषांनी गोंधळलाय, एकच भाषा बोला.' मग अम्मी-अब्बा स्वतःला धड न येणाऱ्या इंग्रजीत 'कम, सिट, ईट' एवढंच बोलतात आणि दादी गप्प होते. जास्त भाषा ऐकल्याने वाचादोष होत नाही. मूल घरात 'पानी' म्हणतं, शेजारच्या काकूंकडे 'भात' मागतं. शब्द मोजताना दोन्ही धरायचे. भाषा वाढते ती दादीच्या गोष्टींनी, बाजाराची पिशवी रिकामी करताना अब्बांनी सांगितलेल्या भाज्यांच्या नावांनी. मोबाइल हे काम करत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे.

दुसरी चूक म्हणजे वाट पाहणं. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचे अब्बाही असेच होते', नाहीतर ताबीज. साधारण वर्षाच्या सुमारास पहिला शब्द यायला हवा, दोन वर्षांपर्यंत 'अम्मी पानी' असे दोन शब्द जोडता यायला हवेत. तसं होत नसेल तर सगळ्यात आधी कानांची तपासणी करून घ्या. ज्याला नीट ऐकूच येत नाही, ते मूल बोलायला शिकणार कसं? दुवा जरूर मागा, पण तपासणी टाळू नका.

त्यासाठी मोठा खर्चही लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलांना तपासतं आणि गरज असेल तर पुढच्या उपचारांसाठी पाठवतं. श्रवणदोष आणि बोलण्यातला उशीर दोन्ही त्यात येतात. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून वाचा आणि श्रवणासाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचं नाव आहे.

तुम्ही कुणाचे तरी चाचा, मामू, खाला, फुफू असाल. घरात एखादं मूल बोलत नसेल तर भाभीला दोष देणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही तिच्यासोबत अंगणवाडीताईकडे जा, पथक कधी येणार ते विचारा. ज्या कानात अजान दिली, त्या कानाला ऐकू येतंय का, हे पाहणं आपलंच काम आहे.