ओस्लोचा राजमार्ग आणि पोडावरची बोली

जूनच्या अखेरीस नॉर्वेची राजधानी ओस्लो येथे रात्रीचे साडेदहा वाजले तरी सूर्य मावळलेला नसतो. यवतमाळ, दारव्हा किंवा वणीहून तेथे स्थायिक झालेल्या मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांना पहिला प्रश्न पडतो तो चौविहाराचा. सूर्यास्तापूर्वी भोजन हा नियम. पण रात्री दहाचे भोजन त्या नियमात बसते काय? अक्षराने बसते. संयमाचा आशय जपणारी कुटुंबे मात्र घरचीच वेळ पाळतात आणि सायंकाळी सहा-सातलाच आहार आटोपतात. डिसेंबरात तेथे दुपारी तीननंतर थोड्याच वेळात सूर्य अस्तास जातो, तेव्हा हाच नियम खरी कसोटी पाहतो. बटाटा तेथील ताटात नित्याचा, आणि चीजमध्ये प्राणिज रेनेट असण्याचा संभव. म्हणून वेष्टन वाचून घेणे, तसेच ग्रेनलांड भागातील आशियाई किराणा दुकानांतून डाळ-तांदूळ आणून घरीच शिजवणे श्रेयस्कर.

आहाराची चिंता मिटली की हे नगर पायी पाहावे. मध्यवर्ती रेल्वे स्थानकापासून राजवाड्यापर्यंत कार्ल योहान हा राजमार्ग सरळ जातो. स्थानकाजवळ, समुद्राच्या काठी, २००८ साली खुले झालेले संगीतिकागृह आहे. त्याचे शुभ्र संगमरवरी छप्पर पाण्यापासून चढत जाते आणि त्यावरून कोणालाही विनामूल्य चालता येते. राजवाड्याच्या अलीकडे, त्याच राजमार्गावर, विद्यापीठाच्या जुन्या स्तंभयुक्त इमारती उभ्या आहेत. यवतमाळकराने येथे क्षणभर थांबावे, असे एक कारण आहे.

या विद्यापीठात स्टेन कोनोव (१८६७–१९४८) हे भारतविद्येचे प्राध्यापक होते. नगराचे नाव १९२५ पर्यंत क्रिस्तियानिया असे होते. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ या संपूर्ण प्राकृत सट्टकाची त्यांनी संपादिलेली आवृत्ती १९०१ साली प्रसिद्ध झाली. आगमांमुळे प्राकृताशी नाते सांगणाऱ्या समाजाला हे ऋण मोलाचे वाटावे. पुढे ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा सातवा खंड (१९०५) कोनोव यांनीच सिद्ध केला. वऱ्हाडी बोलीचे नमुने त्यात आहेत. मुंडा व द्राविडी भाषांचा चौथा खंडही (१९०६) त्यांचाच. त्यात कोलामी आहे. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असे, आणि कोलामीचा तो एक प्रमुख प्रदेश होता.

राजमार्गावरून दक्षिणेस वळले की बंदरावर नगरभवन लागते. १९९० पासून शांततेचे नोबेल पारितोषिक दर १० डिसेंबरला येथे प्रदान होते. २०१४ साली कैलाश सत्यार्थी यांनी ते येथेच स्वीकारले. अहिंसेचे नाव जगभर नेणाऱ्या महात्मा गांधींचे नाव पाच वेळा सुचविले गेले, पण पारितोषिक त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांच्या निर्वाणाच्या वर्षी, १९४८ साली, योग्य हयात उमेदवार नसल्याचे सांगून समितीने ते कोणालाच दिले नाही.

नगरभवनासमोरच्या धक्क्यावरून उन्हाळ्यात बिगदोय द्वीपकल्पाकडे नावा सुटतात. प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा. मागे आकर्सहूसच्या मध्ययुगीन किल्ल्याची तटबंदी दूर जाताना दिसते. बिगदोयला ‘फ्राम’ हे जहाज जतन केले आहे. बर्फाने आवळताच ते चिरडले न जाता वर उचलले जावे, अशा गोल बांध्याचे ते घडविले होते. नान्सेन व अमुंडसेन यांच्या ध्रुवीय मोहिमा त्याच जहाजातून झाल्या. शेजारीच थोर हायरडाल यांचा ‘कोन-टिकी’ हा बाल्सा लाकडाचा तराफा आहे; त्यावरून त्यांनी १९४७ साली १०१ दिवसांत प्रशांत महासागर ओलांडला. होवेदोया बेटावर ११४७ साली स्थापन झालेल्या ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत. बेटांच्या नावांना ट्राम-बसचेच तिकीट चालते, त्यामुळे हा जलविहार खर्चिक ठरत नाही.

परतीच्या नावेत बसलेल्या यवतमाळकराला बहुधा आपलीच पेठ आठवेल. पांढरकवडा, मारेगाव, झरी येथील आठवडी बाजारांत कोलाम बांधव पोडांवरून उतरतात आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच दुकानांतून मीठ-मिरची व कापड नेतात. त्यांची भाषा सव्वाशे वर्षांपूर्वी एका नॉर्वेजियन पंडिताने अभ्यासून ग्रंथात नोंदविली. गल्ल्यावर बसणाऱ्यास मात्र तिचे चार शब्दही क्वचितच ठाऊक असतात. भाव सांगण्यापुरती मराठी दोघांनाही येते, म्हणून व्यवहार अडत नाही. परंतु पोडावरची नवी पिढी शाळेत मराठीच शिकते आणि घरची बोली मागे पडत जाते.

परदेशी जाऊन आलेल्याने पुढच्या बाजारी समोरच्या ग्राहकास एवढेच विचारावे, “काका, मिठाला तुमच्या बोलीत काय म्हणता?” उत्तर वहीत टिपून ठेवावे. त्यासाठी ओस्लोला जावे लागत नाही.