हेडफोन डोक्याला लावून बघूनच घ्या



आपल्या घरांत हेडफोन आपण विकत घेत नाही, तो आपल्याला मिळतो. मुलाने नवा घेतला की जुना आईकडे येतो, नाहीतर वाढदिवसाला सून ऑनलाइन मागवून देते. भावना चांगलीच असते. पण साडी घेताना पदर उलगडून बघणाऱ्या, चप्पल घालून चार पावलं चालून बघणाऱ्या आपण, रोज तासभर कानाशी राहणारी वस्तू मात्र न बघता स्वीकारतो. माझं मत असं की हेडफोन आपला आपण दुकानात जाऊन, डोक्याला लावून घ्यावा. मुलांना जे चांगलं वाटतं ते आपल्याला चालेलच असं नाही.

२०१७ मध्ये सारेगामाने पाच हजार जुन्या गाण्यांचा कारवां आणला. तेव्हापासून गाण्यांसाठी फोन न वापरता वेगळा प्लेअर ठेवणाऱ्या पुष्कळ जणी मला माहीत आहेत. त्याहून लहान, खिशात मावणारे प्लेअरही मिळतात. त्यांवर स्तवनं, प्रवचनं, भावगीतं भरून घेता येतात आणि मध्येच कुणाचा फोन वाजत नाही. प्लेअर मात्र पारखून घेतला जातो आणि हेडफोन "असेल तो चालेल" म्हणून लावला जातो. खरं तर आपल्या कानाशी संबंध हेडफोनचाच असतो.

आधी आरामाचं बघू. कानात कुड्या असतील तर कानावर दाबून बसणारा हेडफोन दहा मिनिटांत कुडीची फिरकी मागे टोचवतो. चष्म्याच्या काड्या गादीखाली दबल्या की कानामागे दुखतं. अंबाडा असेल तर मानेमागून जाणारी पट्टी नीट बसत नाही. ज्यांनी हा हेडफोन बनवला त्यांच्या डोळ्यांपुढे कुडी आणि अंबाडा नसणार! म्हणून दुकानात जाताना रोजचे दागिने आणि चष्मा घालूनच जा आणि हेडफोन लावून निदान दहा-पंधरा मिनिटं बसा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

गादी कशाची आहे तेही विचारा. काही महागड्या हेडफोनना खरं चामडं असतं. ते आपल्याला नकोच. बाकी बहुतेकांना रेक्झिन असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. त्या घामाने रेक्झिनचे पापुद्रे सुटतात आणि काळे कण केसांत अडकतात. स्पंजाची किंवा कापडी गादी बरी. तिच्यातून हवा जाते आणि खराब झाली की बदलता येते.

आता मुख्य मुद्दा. घरात वापरायचा हेडफोन कान बंद करणारा नसावा. कुकरच्या शिट्ट्या, दाराची घंटा, सासूबाईंची हाक हे सगळं ऐकू यायला हवं. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ मध्ये आला. त्याचा हेडफोन पन्नास ग्रॅमच्या आसपास, साध्या स्पंजाचा होता. त्या वॉकमनवर एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू होई आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येई. तेव्हाच्या लोकांनाही ही गरज कळली होती. हलका, स्पंजाचा, कानावर अलगद टेकणारा हेडफोन हे काम बटणाशिवाय करतो.

प्रवासात मात्र उलट आहे. विदर्भ एक्सप्रेसने गोंदियाहून मुंबईला निघालात की गाडीचा खडखडाट रात्रभर सोबतीला असतो. उघडा हेडफोन असेल तर आपण नकळत आवाज वाढवत जातो. तिथे कानात घट्ट बसणारे, रबरी टोकांचे इअरफोन चांगले. बाहेरचा गोंगाट आत येत नाही, म्हणून आवाज कमी ठेवता येतो. टोकं लहान-मध्यम-मोठी अशी तीन मापांची मिळतात. आपल्या कानाचं माप बघून लावा.

आवाज कमी ठेवण्यावर मी एवढा भर का देते, त्याचा हिशेब बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला फक्त ५ तास. व्याजाचा दर वाढला की मुद्दल कसं भराभर संपतं, तसंच हे. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी आवाज टिपतात, त्या एकदा गेल्या की परत उगवत नाहीत.

वयाबरोबर आधी बारीक, उंच स्वर कमी ऐकू येऊ लागतात. मग स, श, थ ही अक्षरं पुसट होतात. अशा वेळी ढोलकी घुमवणारा "जोरदार बास"चा हेडफोन आपल्या काय कामाचा? दुकानात एखादं प्रवचन आणि तानपुऱ्यासोबतचं गाणं लावून बघा. आवाज अर्ध्याच्या खाली असताना शब्द स्पष्ट कळले, तानपुरा वेगळा ऐकू आला, तर तो हेडफोन चांगला. आणि कुठल्याच हेडफोनवर शब्द कळत नसतील तर आवाज वाढवू नका, कानाच्या डॉक्टरांकडे जा.

शेवटी पैशांचं. समजा बिनतारी इअरबड्स १,५०० रुपयांना घेतले आणि दोन वर्षांत बॅटरी बसली. ती बहुधा बदलून मिळत नाही. म्हणजे वर्षाला ७५० रुपये. तारेचा हेडफोन ९०० ला घेतला, पाच वर्षं टिकला आणि मध्ये २०० रुपयांच्या गाद्या बदलल्या, तर वर्षाला २२० रुपये. त्याला चार्जिंग लागत नाही आणि एका कानातला हरवला म्हणून पलंगाखाली शोधावंही लागत नाही. तार गॅसजवळ लोंबू देऊ नका, पदराखालून घ्या, एवढंच पथ्य.

पुढच्या वाढदिवसाला मुलांनी "आई, काय हवं?" असं विचारलं, तर ऑनलाइन मागवू नको म्हणा. माझ्याबरोबर बाजारात अर्धा तास चल म्हणा. पैसे त्यांनी द्यावेत, निवड आपण करावी.