बाल्कनीत ऊन नाही? नो टेन्शन!

सोमवारची साडेनऊची मीटिंग सुरू होती आणि टेबलाखाली मोबाइल सारखा थरथरत होता. सोसायटीचा ग्रुप. कुणीतरी खालच्या बागेतल्या जास्वंदीचा फोटो टाकला होता. झाडावर एकही फूल नाही. खाली लिहिलेलं, ‘रोज सकाळी सहाला पिशवी घेऊन कोण येतं, ते सगळ्यांना माहीत आहे.’ त्यावर अंगठे, हसरे चेहरे आणि ‘फुले तोडू नयेत’ असा बोर्ड लावायचा प्रस्ताव. पिशवी कुणाची, ते मलाही माहीत होतं. निळी, नायलॉनची. आईची.

बाबा गेल्यानंतर आई वाईचं घर बंद करून आमच्याकडे पुण्याला आली. तिथे परसात जास्वंद, तगर, मोगरा, अबोली सगळं होतं. देवाची फुलं विकत आणायची असतात हे तिच्या डोक्यातच नाही. आणि आमची बाल्कनी? दुसरा मजला, तोंड उत्तरेला. बुकिंग केलं तेव्हा समोर मोकळा प्लॉट होता, आता तिथे बारा मजले उभे आहेत. ईएमआय मात्र तेवढाच आहे! ग्रुपवरचं मी आईला काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, ‘आई, आता आपल्याच बाल्कनीत फुलं लावू.’ ती बाहेर जाऊन बघून आली आणि म्हणाली, ‘इथे? अगं, इथे पापडसुद्धा वाळायचे नाहीत.’

मग मी तेच केलं, जे तुम्हीही एकदा केलं असेल. रविवारी नर्सरीत गेले, दोन गुलाब, एक मोगरा आणि एक जास्वंद गाडीत घालून आणली. सगळी फुललेली. दीड महिन्यात गुलाबाची पानं पिवळी, जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच खाली आणि मोगऱ्याच्या नुसत्या लांबलचक फांद्या. नर्सरीवाला म्हणाला होता, ‘सावलीत पण येतं, ताई.’ खोटं नव्हता बोलला. येतं. फुलत नाही! या मंडळींना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, त्याला काही शॉर्टकट नाही.

गडबड कुठे होते सांगू? आपण ‘सावली’ हा एकच शब्द वापरतो, आणि आपले डोळे आपल्याला फसवतात. भर दुपारच्या उन्हात प्रकाश साधारण एक लाख लक्स असतो. तुमच्या ऑफिसच्या डेस्कवर तो असतो तीनशे ते पाचशे. पण डोळे इतके पटकन जुळवून घेतात, की आपल्याला दोन्हीकडे ‘छान उजेड’च वाटतो. झाडाला मात्र तो फरक जेवण आणि उपवास यांच्यातला वाटतो. हल्ली मोबाइलवर लक्स मोजायची अॅप्स मिळतात. त्यांचा आकडा अगदी अचूक नसला तरी बाल्कनीचा कुठला कोपरा कुठल्यापेक्षा बरा, हे कळायला पुरतो.

अॅपही नको असेल तर माझी ट्रिक वापरा. सुट्टीच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला बाल्कनीत जमिनीवर एक पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या फूटभर वर हात धरा. सावलीत बोटं वेगळी दिसली तर तिथे ऊन आहे. नुसता धूसर आकार दिसला तर ती उजेडाची सावली. काहीच उमटलं नाही तर तो अंधार, मग तुम्ही त्याला कितीही ‘कोझी कॉर्नर’ म्हणा. आमच्या दहा फुटांच्या बाल्कनीत दोन्ही निघाले. कठड्याजवळ उजेडाची सावली आणि वॉशिंग मशीनच्या बाजूला अंधार. शिवाय पूर्वेच्या टोकाला, दोन इमारतींच्या फटीतून, सकाळी जेमतेम दोन तास ऊन येतं, हे एका शनिवारी उशिरापर्यंत लोळत पडल्यामुळे कळलं. आळसाचाही उपयोग होतो कधी कधी.

ते दोन तास म्हणजे बाल्कनीतली प्राइम प्रॉपर्टी. तिथे आईची अबोली बसली. अबोलीला दिवसभराचं ऊन लागत नाही. सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर भरपूर उजेड मिळाला की ती बाराही महिने थोडी थोडी फुलत राहते. फक्त सुकलेली कणसं वेळेवर खुडायची, नाहीतर झाड बिया करण्यात रमतं. (एखादं कणीस मुद्दाम वाळू द्या आणि त्यावर पाण्याचे थेंब टाका. बिया टपकन फुटून लांब उडतात. वीकएण्डची फुकट करमणूक.) तिच्याशेजारी तगर. पांढरी, पूजेला उत्तम, आणि सावलीत फुलं कमी येतात पण येतात. परसातल्या तगरीसारखी ओंजळ भरणार नाही. आमच्याकडे रोज चार-पाच निघतात. जांभळी कोरांटीही अर्ध्या सावलीत चालते, पण ती हिवाळ्याची पाहुणी.

आता उजेडाची सावली, म्हणजे जिथे थेट ऊन नाही पण मान वर केली की आभाळ दिसतं. इथली हिरॉइन एकच, इम्पेशन्स. गुलाबी, लाल, केशरी, जांभळी, पांढरी. सावलीत इतके भडक रंग देणारं दुसरं झाड मला तरी माहीत नाही. ही आपल्या तेरड्याची पूर्व आफ्रिकेतली बहीण. बोट लागताच शेंग फुटायची घरातली सवय तिलाही आहे. पण ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण तिला लागू नाही. पावसाळा संपता संपता लावलीत तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत ती थांबतच नाही. तिचे नखरे पाण्याचे. खोड रसरशीत, मऊ, त्यामुळे एक दिवस पाणी चुकलं की मान टाकते, आणि जास्त झालं की बुडापासून कुजते. जोरदार पावसाच्या माऱ्यात तर ठेवूच नका. आणि हो, कुंड्या चार हव्या असतील तर रोप एकच आणा. बोटभर लांबीची फांदी तोडा, खालची पानं काढा आणि पाण्याच्या ग्लासात ठेवा. दोनेक आठवड्यांत मुळं दिसतात. माझा ग्लास ऑफिसच्या पँट्रीत खिडकीशी असतो. शेजारच्या टीममधल्या तिघांनी आतापर्यंत रोपं नेलीत, आणि एकाने चुकून ते पाणीही प्यायलं.

पावसाळ्यात इम्पेशन्सची जागा टोरेनिया घेतो. बुटका, जांभळा-निळा, गळ्याशी पिवळा ठिपका. एका मोसमाचं झाड आहे, संपलं की संपलं, वाईट वाटून घेऊ नका. बिगोनिया वर्षभर सोबत करतो, फक्त पानांवर पाणी ओतायचं नाही, मातीत घालायचं. पानांवर पांढरी भुकटी धरली की समजा, झारी चुकीच्या ठिकाणी फिरली.

ज्यांना ‘कमी मेहनत, जास्त इम्प्रेशन’ हवंय त्यांनी अँथुरियम आणावं. त्याचं चकचकीत लाल ‘फूल’ खरं तर रंगीत पान असतं. खरी फुलं मधल्या दांडीवर, इतकी बारीक की दिसतही नाहीत. म्हणूनच ते महिना-महिना टिकतं. पण त्याला आपली लाल माती देऊ नका, मुळं गुदमरतात. नारळाच्या शेंड्यांचे तुकडे, कोळसा, विटांचे खडे असं भुसभुशीत मिश्रण लागतं. पीस लिली त्याच्याच नात्यातली, पण रंग एकच, पांढरा. तहान लागली की सगळी पानं लोळवून असा सीन करते की वाटावं गेलीच, आणि पाणी घातल्यावर काही तासांत पुन्हा ताठ. दोन्ही झाडांची पानं चावली तर तोंडाची आग होते, म्हणून घरात मांजर किंवा रांगतं बाळ असेल तर कुंड्या उंचावर.

वॉशिंग मशीनजवळच्या अंधाराचं काय? स्पष्ट सांगते, तिथे फूल येणार नाही. पीस लिली जगेल, पण नुसती हिरवी. तिथे मी दोन गोष्टी केल्या. आतली भिंत पांढरी रंगवली, त्याने कठड्याजवळच्या कुंड्यांनाही थोडा जास्त उजेड मिळाला. आणि दोन कुंड्यांची शिफ्ट ड्युटी लावली, पंधरा दिवस आत, पंधरा दिवस कठड्याशी. रंगच हवा असेल तर उजेडाच्या कडेला कॅलेडियम आणि कोलियस ठेवा. त्यांची पानंच फुलांपेक्षा रंगीत असतात.

एवढं सगळं जमल्यावर मी एप्रिलमध्ये तोंडावर आपटले. इम्पेशन्सची पानं एका आठवड्यात कडेने भाजल्यासारखी करपली. सावलीत? उत्तरेच्या बाल्कनीत? कारण आईने सांगितलं, तेही चहा पिता पिता. ‘अगं, संध्याकाळी ऊन येतंय की आत, तू ऑफिसात असतेस तेव्हा.’ भूगोल शाळेतला. 21 मार्चनंतर सूर्य थोडा ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर पुण्यात भर दुपारीही सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, फक्त जूननंतर ढगांमुळे ते जाणवत नाही. थोडक्यात, तुमची सावली कॅलेंडरप्रमाणे सरकते. आता मार्चअखेरीला आमच्याकडे पश्चिमेच्या टोकाला हिरवी शेडनेट लागते आणि पाऊस सुरू झाला की निघते. दक्षिणेकडच्या बाल्कनीवाल्यांचं उलटं, त्यांना हिवाळ्यात ऊन आत येतं.

पाण्याबद्दल एकच सांगते, कारण सावलीतली बहुतेक झाडं तहानेने मरत नाहीत, प्रेमाने मरतात. ऊन नसलं की माती लवकर वाळत नाही. आपण मात्र ऑफिसला निघताना रोज एक मग ओततोच. बोट इंचभर मातीत घाला. ओलं लागलं तर मग परत ठेवा. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसा आणि पाण्यात कडुनिंबाचं तेल व थोडा लिक्विड सोप मिसळून फवारा. फूल येत नाही म्हणून खताचा मारा करू नका, महिन्याला मूठभर गांडूळखत पुरे. उजेडाची कमतरता खताने भरून निघत नाही, नुसती पानं वाढतात.

आईची निळी पिशवी आता खुंटीला असते. सकाळी सहाला ती बाल्कनीत जाते. तगरीची चार, अबोलीची एक-दोन कणसं, आणि देवाला इम्पेशन्स चालतं की नाही यावर आमचं अजून एकमत नाही. तिचं म्हणणं, वास नाही तर काय उपयोग. मी म्हटलं, अबोलीला तरी कुठे असतो! सोसायटीच्या बोर्डाबद्दल तिला कळलंच शेवटी, लिफ्टजवळ लावलाय ना. वाचून म्हणाली, ‘बरं केलं, लोक फार फुलं तोडतात.’ तोंडावरची रेष हलली नाही.

कॅलेडियमची पानं नोव्हेंबरमध्ये वाळून जातात आणि कुंडी पार रिकामी दिसते. तेव्हा ती टाकून देऊ नका. कंद आत झोपलेला असतो, पाणी जवळजवळ बंद करायचं, जूनच्या आसपास तो पुन्हा उठतो. हे मी आईला सांगायला विसरले. परवा बघते तर तिने त्यात धने पेरलेत आणि रोज पाणी घालतेय. धने उगवलेत, पण उजेडासाठी माना लांब करून.